सदतिसावा माणूस

आमच्या शाळेचा शिपाई सिताराम घंटा मिनिटावर द्यायचा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मात्र तो घंटा दिल्यावर खांबाला हात लावून तिथेच उभा राहू लागला. मुलं म्हणत, सितारामकाका आवाज विरेपर्यंत ऐकत बसतात. मलाही तेच वाटायचं.

त्याची मुलगी शर्मिला माझी विद्यार्थिनी. चूक झाली तर तिने कधी खोडरबर वापरला नाही. एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर उत्तर लिहायची. आता ती एका मेडिकल कॉलेजात पीएच.डी. करते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे कापणाऱ्यांची फुफ्फुसं किती झिजतात, हा तिचा विषय. असे चाळीस कामगार तिला मिळाले. तुलनेसाठी त्याच वयाची, कधीही त्या धुळीत काम न केलेली चाळीस निरोगी माणसं हवी होती. त्यांची जमवाजमव रखडली. शेवटी एका रविवारी तिने आमच्या विहारात, वंदना झाल्यावर, तपासणी ठेवली.

यंत्रावर बसला होता फराज, तिच्या प्रयोगशाळेतला उरणचा मुलगा. नळी तोंडात धरून सगळा श्वास जोराने सोडायचा.

"काका, मेणबत्ती नाय विझवायची, ट्रकची ट्यूब फुगवायचीय. जोर लावा!"

"ट्यूब फाटली तर भरून देशील का?" असं म्हणत माणसं हसत होती, फुंकत होती.

दुपारपर्यंत छत्तीस झाले. शर्मिलाचा चेहरा उतरलेला पाहून कोपऱ्यात बसलेला सिताराम उठला. "मला धर की. मी काय आजारी हाय का?"

प्रत्येकाला ती एक प्रश्न न चुकता विचारत होती: याआधी कुठे कुठे काम केलंत? बापाला तिने विचारलं नाही. आपल्याच बापाची चौकशी काय करायची! तिने स्वतःच लिहून टाकलं: शाळेत शिपाई, बावीस वर्षं. लहानपणी तो बाजारात जायचा एवढं तिला आठवत होतं, पण हमालीला, असं घरात सांगितलेलं.

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. शाळेत लागण्याआधी सिताराम अकरा वर्षं तिथे पत्रा कापत होता, हे मला ठाऊक होतं. त्याच्या नोकरीचा अर्ज मीच लिहून दिला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. पोरीची संख्या भरत होती.

तपासणीच्या अर्जाच्या शेवटी एक प्रश्न होता: तपासणीत दोष आढळल्यास कळवावे का? सगळ्यांनी "होय"वर खूण केली. सितारामने पेन उगाच दोनदा झटकलं आणि "नाही"वर केली.

त्याच्यानंतर मी यंत्रावर बसले, मग आणखी दोघे आले आणि चाळीस भरले. फराजने नावांची यादी पाकिटात सीलबंद करून शर्मिलाच्या गाईडकडे दिली. तिच्याकडे आले फक्त क्रमांक, आकडे आणि होय-नाहीच्या खुणा. अभ्यासात पक्षपात नको म्हणून तशी पद्धत असते.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. चहा तसाच निवला.

"बाई, निरोगी गटातला सदतिसावा आकडा सगळ्या कामगारांपेक्षाही वाईट आहे."

"यंत्र बिघडलं असेल."

"फराजने दोनदा तपासलं. सर म्हणतात, काढून टाक, एका माणसाने सरासरी बिघडते. पण काढू कशी? तो माणूस आपल्या विहारात बसतो. आणि त्याने लिहिलंय, कळवू नका. चाळिसातल्या त्या एकट्यानेच."

सदतीस कोण ते मी ओळखलं. मी तिचा निवलेला कप उचलून आत न्यायला लागले. तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुम्ही अडतिसाव्या होतात ना? तुमच्या आधी कोण होतं?"

मी कप परत खाली ठेवला. तेवढ्यावरूनच तिला उत्तर मिळालं. पाकीट फोडायची गरज उरली नाही.

"बाबा बाजारात हमाली करायचे ना?"

"पत्रा कापायचा. अकरा वर्षं."

तिने पिशवीतून वही काढली. "निरोगी – ४०" असं लिहिलं होतं. त्यावर एक सरळ रेघ मारून तिने शेजारी ३९ लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. मग वही मांडीवर ठेवून ती रडली.

तेवढ्यात खालून हाक आली, "शर्मे, चल गं!" सिताराम तिला न्यायला आला होता. पूर्वी तो तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारापर्यंत धावत यायचा. आता खाली बाकावर बसून हाका मारतो. वरून पाहिलं तर त्याचे खांदे श्वासागणिक वर जात होते. हे मी वर्षभर पाहत होते आणि म्हणत होते, वय झालं.

मी तिच्यासोबत खाली गेले.

"चाळीस भरलेत ना तुझे?" त्याने विचारलं.

"एक कमी झाला, बाबा."

तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"कोण ते सांगू नको," तो म्हणाला. "त्यानं खूण केलीय ना तशी? नियम म्हंजे नियम."

"नाही सांगत. पण उद्या सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात यायचं."

"तुझं लिहून होऊ दे आधी. मग बघू."

"आधी दवाखाना. तोवर मी एक ओळ लिहिणार नाही."

तो बाकाची कड धरून उठला. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याचा हात धरला. आमच्या बाकापासून सोसायटीचं फाटक साठ पावलांवर आहे. ती दोघं वाटेत तीनदा थांबली. प्रत्येक वेळी सिताराम शेजारच्या गाडीवर हात ठेवून, मागे वळून इमारतीकडे असा बघायचा, जसं काही तिथे बघण्यासारखं आहे.