तिसऱ्या माणसाचं पाणी

शेजारच्या अक्कांनी माझ्या वडिलांना तीन महिने पाणी दिलं. आधी हेच लिहून ठेवतो. शिक्षण आठवीपर्यंतचं, लिहिताना गडबडतो आणि मुद्द्याचं राहून जातं.

बंगळुरात मारतहळ्ळीला आमची खोली दहा बाय बारा. ओटा, त्यामागे न्हाणी, झालं घर. भाडं नऊ हजार, अॅडव्हान्स सहा महिन्यांचा. तो भरतानाच मी रिकामा झालो. इकडे पाणी टँकरचं, म्हणून मालक माणसं मोजून भाडं ठरवतात. "किती जण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दोघं, मी नि बायको. वडिलांना घशाच्या उपचाराला इथं आणायचं तेव्हाच ठरलं होतं. पण माणशी हजार जादा पडत होते. खोटं बोललो.

वडील आले ते चोरासारखे राहिले. जन्मभर बाजारात ओरडून केळी विकलेला माणूस, जिन्यावर मालकांची चाहूल लागली की खोकला उशीत दाबायचा. आंघोळ दोन दिवसांआड, तीही अर्ध्या बादलीत. महिनाभर असंच. घर सोडायला सांगतील या धास्तीनं मला कामावरही सुचत नसे.

एका सकाळी मालकांनी खोकला ऐकलाच. दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या, त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, आणि मालक मान हलवून खाली गेले.

"काय सांगितलंत?"

"खरं तेच. आजारी म्हातारा आहे म्हटलं." अक्का बेळगावकडच्या, मराठी आमच्यासारखंच. "त्यांना म्हटलं, माझं भाडं अजून दोघांचं घेता ना? आमचे गेल्यापासून एकाचं पाणी तसंच उरतंय. ते यांना धरा." मग आत डोकावून म्हणाल्या, "आणि बाबा, आंघोळ करा हो रोज. स्वल्प वास येतोय!"

वडील हसले. इथं आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढं ते उजेडात, अक्कांच्या उंबऱ्याशी बसू लागले. चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. गावी गेल्यावर पंधरवड्यात गेले.

उशीत तोंड खुपसून काढलेला त्यांचा तो महिना माझ्यामुळं. तो काही मला परत करता येत नाही. पण अक्का, तुमचं मी फेडीन. पैशाचं म्हणत नाही. तुम्ही एकट्या आहात. कधी अंथरूण धरलंत तर तुमचं करायला आम्ही दोघं येऊ, कुठंही असलो तरी.