ऊनवाले मामा

भर दुपारी कपाशीच्या दोन ओळींमध्ये कुणी उताणं पडलेलं दिसलं की समजावं, ते आमचे ऊनवाले मामा. देवळीच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ शेतात असायचे. खालच्या पानांपर्यंत ऊन पोचतं की नाही, हे ते असं झोपून पाहत. पोचत नसेल तर पुढच्या वर्षी ओळींतलं अंतर वाढवत.

सोयाबीनचं झाड उपटून मुळावरची गाठ ते नखानं फोडायचे. आत लालसर दिसली की खूश. हवेतलं नत्र झाड स्वतःच कमावतंय, मग वरून कशाला ओतायचं, असं त्यांचं म्हणणं. सावलीतल्या मरतुकड्या पिकावर शेजारी युरिया फेकू लागले की म्हणत, "ऊनच नाई त युरिया काय करन? चूल पेटली नाई अन् कणीक मळून राह्यले."

घरात मात्र एका बाबतीत त्यांचं चाललं नाही. शेताच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोठा कडुनिंब होता. त्याच्या सावलीत तुरीच्या चार ओळी दरवर्षी खुरट्या राहत. मामांना तो तोडायचा होता. मामी निंदणाच्या दिवसांत बायांसोबत त्याच्याखाली जेवायला बसायची. ती तोडू देईना. या एका झाडावरून दोघं वर्षानुवर्षं भांडले.

मग मामीला कर्करोग झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका संध्याकाळी ती मामांना म्हणाली, "तोडून टाका आता तो निंब. मी काई आता तिथं बसाले येत नाई."

मामा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

मामी गेली. झाड राहिलं. त्या ओळींच्या जागी मामांनी पुन्हा काही पेरलं नाही. मी कृषी महाविद्यालयात शिकवतो. सावलीत हळद तरी येईल, असं मी सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "राहू दे. तेवढी जागा तिची हाय."

गेल्या हिवाळ्यात मामाही गेले. त्यांची मुलगी, आमची ताई, पुण्याला असते. शेत तिनं ठेक्यानं दिलंय. परवा ठेका घेणाऱ्या गजाननचा फोन आला. खत कधी द्यायचं, ओळी किती अंतरावर घ्यायच्या, सगळं मी सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, "सर, धुऱ्यावरचा निंब तोडू काय? चार ओळी वाढतीन."

पिकाच्या हिशेबानं त्याचं बरोबरच होतं. ताईला विचारून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. अजून तिला विचारलेलं नाही.