राखेनं घासलेले रॉड
भिजत घातलेल्या चिंचेचा वास आला, की मला जळगावातली ती खंडेनवमी आठवते. स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं होती. वेल्डिंगचं मशीन मी लष्करी भंगारातलं, स्वस्तातलं आणलं होतं. रॉड मात्र दुकानदाराचं ऐकून चांगल्या जाड लेपाचे घेतले, कारण तो लेप नसला तर जोड धरत नाही. दसऱ्याला एका डाळमिलचं फाटक बसवून द्यायचं होतं. सकाळी पूजेसाठी अंगणात आलो. पाटावर हातोड्या-पकडींशेजारी पुड्यातले सगळेच्या सगळे रॉड नुसत्या तारा होऊन चकाकत होते, वर हळदीकुंकू लावलेले! "दख, बठ्ठी माटी काढी टाकी!" आई कौतुकानं म्हणाली. तो सगळा लेप तिला चिकटलेली माती वाटला होता; पहाटेपासून ती रॉड चिंचेच्या पाण्यात भिजवून राखेनं खरवडत बसली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची सोललेली, रक्ताळलेली बोटं दिसली. "छान निघाले," एवढंच कसंबसं म्हणालो. नवे रॉड घ्यायला पैसे नव्हते, फाटकाचं काम दुसऱ्याकडे गेलं. खरं काय झालं, ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण आजही माझ्या कारखान्यात खंडेनवमीचं पहिलं कुंकू लागतं ते त्यातल्याच एका गंजक्या तारेला.