सोलापूरच्या उन्हात हायड्रोजनचा ट्रक

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा माझ्याजवळ दोन ड्रेस, एक लॅपटॉप आणि गरजेपेक्षा बराच जास्त आत्मविश्वास होता. आम्ही हायड्रोजनवर चालणारं इंजिन बनवलं होतं. धुराऐवजी वाफ सोडणारं, थोड्या इंधनात लांब पळणारं. प्रयोगशाळेत ते गुणी बाळासारखं वागलं. आता मे महिन्यात, भरल्या ट्रकमध्ये बसवून, ते तीन दिवस सोलापूरच्या उन्हात चालवायचं होतं. तिथे बिघडलं तर काम गुंडाळायचं, असं वरिष्ठांनी बजावलं होतं.

स्टेशनवर उतरले आणि तव्यावर पाय ठेवल्यासारखं झालं. न्यायला मैनुद्दीनचाचा आले होते. आमच्या चाचणीच्या ट्रकचे चालक, सोलापूरच्याच भवानी पेठेत राहणारे, तीस वर्षं ट्रक चालवलेले. हायड्रोजन पेटला तर काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सुरक्षेवर पंधरा मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ट्रकच्या आरशाला लिंबू-मिरची बांधली.

पहिले दोन दिवस अक्कलकोटच्या रस्त्यावर फेऱ्या झाल्या. दोन्हीकडे तुरीची रिकामी रानं, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड. आकडे इतके छान येत होते की मी मनातल्या मनात अहवालही लिहून टाकला.

तिसऱ्या दिवशी दुधनीच्या अलीकडे चढावर इंजिनाने बार काढला. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखा. शेजारच्या रानातल्या शेळ्या चौखूर उधळल्या. पाठोपाठ दुसरा बार झाला. ठिणगी पडण्याआधीच हायड्रोजन पेटत होता. मी घाबरून लॅपटॉप उघडला, तर आलेखाच्या सगळ्या रेघा सरळ, बिघाडाची खूणच नाही.

चाचांनी लांब पान्ह्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि म्हणाले, "म्याडम, मागनं दुसरा सिलिंडर खोकतोय."

मी त्यांना लॅपटॉप दाखवला. त्यात तसं काही नाही, उन्हामुळे होत असेल, असं समजावलं. ते वाद घालणारे नव्हते. पान्हा पुसून सावलीत जाऊन बसले.

तेवढ्यात शेळ्यांची मालकीण आली. महादेवीअक्का (कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण). ती भांडेल म्हणून मी माफीची वाक्यं जुळवत होते. तिने एक्झॉस्टच्या नळीतून ठिबकणारं पाणी पाहिलं.

"गाडीला बी घाम सुटलाय की," ती म्हणाली, "सावलीत घ्या."

इंजिन निवेपर्यंत काही करता येत नव्हतं. मग अक्काच्या वस्तीवर कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी मोडणारी), शेंगाची चटणी आणि ताक. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. ते चटणीचंच होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर दोन वर्षांचं काम त्या चढावर अडकलं होतं.

शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून मागून दुसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला. हायड्रोजनला पटकन थंड होणारे खास प्लग लागतात. सहापैकी पाच तसे होते. हा मात्र साधा, पेट्रोलच्या गाडीचा, चढावर तापला की ठिणगीआधीच हायड्रोजन पेटवणारा. आदल्या आठवड्यात घाईत, दुसऱ्याच खोक्यातून उचलून, मीच बसवलेला.

मी चाचांकडे पाहिलं. "माझी चूक होती, चाचा," मी म्हटलं.

"व्हतंय की," ते म्हणाले. "बसवा नवा."

नवा प्लग बसवला. तोच चढ आम्ही चार वेळा चढलो. शेळ्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला घेतला. 'दोष कसा सापडला' या रकान्यात आधी लिहिलं : नियमित तपासणीत. दौंड येईपर्यंत त्या दोन शब्दांकडे पाहवेना. ते खोडून लिहिलं : चालकाने ऐकून सांगितला, अभियंतीने मानला नाही.

वरिष्ठांनी अहवाल मंजूर केला, काम गुंडाळायचं नाही असं ठरलं. एकच दुरुस्ती सुचवली. 'मानला नाही'च्या आधी 'लगेच' घाला, म्हणाले.