दांडीवरचं लुगडं आणि घरातलं नेट

आमच्या घरातलं नेट रोज सकाळी दहाच्या पुढं जायचं आणि दुपारी दोन-अडीचला आपोआप यायचं. म्हणजे सरकारी बाबूच्या नेमकं उलट. बाबू दहाला येतो आणि दोनला जेवायला म्हणून उठतो, तो गेलाच.

नेट म्हणजे मोबाइलमधलं नव्हे. ते आमच्या आदिलाबादच्या ह्या गल्लीत उंबरठ्याबाहेर उभं राहिल्याशिवाय लागत नाही. हे तारेचं. मागच्या खांबावरून काळी बारीक तार येते, परसातून स्वयंपाकघराच्या झरोक्यातून आत शिरते आणि बैठकीतल्या डब्याला लागते. डब्यावर हिरवा दिवा असला तर घरात शांतता, लाल झाला की सुनेचा चेहराही लाल.

कारण सुनेची नोकरी त्या तारेवर होती. कंपनी हैदराबादची, काम घरी बसून. मुलगा रोज उटनूरच्या ऑफिसात जातो-येतो, नात इथंच पहिलीत. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात सुनेच्या साहेबानं सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत तुमची लाइन सुधारली नाही तर इथं ऑफिसात येऊन बसा. सून हैदराबादला गेली की नातही जाणार. मुलगा शनिवार-रविवार तिकडं पळणार. मागं उरणार मी, माझे देव आणि फ्रिज. मला बोलायला माणूस लागतं हो. फ्रिज घुर्र करतो, पण ऐकून घेत नाही.

मग तक्रार सुरू झाली. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, हिंदीसाठी एक दाबा, तेलुगूसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीसाठी आकडाच नाही. चार पिढ्या इथं राहून आमच्या नशिबी साधा एक आकडा नाही. मी एकदा रागानं चार दाबला, तर बाई म्हणे तुमची निवड चुकीची आहे. ते तर माझं लग्न झालं तेव्हाच कळलं होतं.

त्या बाईचा एकच उपाय. डबा बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. सून मोजायची. नात मोजायची. आमच्या नातीला आकडे शाळेनं नाही शिकवले, त्या डब्यानं शिकवले.

तारवाला यायचा दुपारी तीनला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तेलुगू-हिंदीची खिचडी बोलणारा. तोवर नेट आलेलं असायचं. हिरवा दिवा बघून तो म्हणायचा, "अम्मा, सब ओके है. चाय पिलाव."

"सकाळी ये न बाप्पा, सकाळी काय होऊन राह्यलं ते पाय."

"सुबह इचोडा साइड ड्यूटी रहती अम्मा."

म्हणजे रोग सकाळी, वैद्य दुपारी. चहा मात्र वेळेवर.

आजार नेमका काय, यावर घरात रोज नवा शोध. मुलगा म्हणाला डबा जुना झाला. नवा आणला, नवाही दहाला झोपला. शेजारीण म्हणाली वानरं तार ओढतात. जणू वानरांनाही दहा ते दोनची ड्यूटी लागली. तारवाला म्हणाला कापसाच्या उंच भरलेल्या गाड्या चौकातली तार ढिली करतात. तेही मी ऐकून घेतलं असतं, पण सीझन सरून कापसाची एक गाडी दिसत नव्हती, तरी नेट आपलं वेळेवर गायब. मी सगळ्यांना तोंडावर हसले. म्हटलं, एवढे शिकलेले तुमी, आणि एका दोरीचं दुखणं सापडत नाही?

आता माझ्या दांडीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. परसात मोरीच्या वर दोन दोऱ्यांनी टांगलेली बांबूची आडवी दांडी आहे. ती माझ्या सोवळ्याची. सकाळी मी सोवळ्यातलं नऊवारी लुगडं नेसून पूजा आणि नैवेद्य करते, दहाच्या सुमारास ते धुते आणि काठीनं वर दांडीवर टाकते. उद्या पूजेला नेसायचं म्हणून त्याला कोणी शिवायचं नाही. मुलगा नाही, सून नाही, नात तर नाहीच. लुगडं वाळेपर्यंत, म्हणजे दोनपर्यंत, परसात कोणी पाऊलच टाकत नाही. चाळीस वर्षांचा नेम.

तार घेताना तो तारवाला परसातल्या भिंतीत खिळे ठोकायला निघाला होता. भिंतीला नवा रंग दिलेला. मी म्हटलं, "एक खिळा ठोकशील तर पाय." बिचाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तार दांडीला गुंडाळून झरोक्यात नेली. म्हणाला, "अम्मा, इधर किसीका हाथ नहीं लगता, सेफ है." मलाही पटलं. तो गेल्यावर मी दांडीवर पाणी शिंपडलं आणि विसरले.

मध्ये बेला गावी नात्यातलं एक लग्न निघालं. दोन दिवस मी तिकडं होते. परत आले तर मुलगा दारातच हसतो, "आई, तू नव्हतीस तर नेट एक मिनिट गेलं नाही!"

"म्हणजे मी तुमच्या नेटच्या आडवी येऊन राह्यले का रे?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"मग काऊन दात काढून राह्यला?" मी रुसले. रात्रीची भाजी मुद्दाम अळणी केली.

दुसऱ्या दिवशी दहाला लुगडं धुतलं, काठीनं वर टाकलं. आतून लगेच सुनेचा आवाज, "हॅलो? सुनाई दे रहा क्या? हॅलो?" माझी नजर वर गेली. ओल्या लुगड्याच्या वजनानं दांडी वीतभर खाली आली होती, आणि झरोक्याच्या कडेवर तार कोपरासारखी मुडपली होती. मी काठीनं लुगडं उचललं. दांडी वर. दोन मिनिटांनी आतून, "हां हां, अब बोलिए." परत टाकलं. "हॅलो? हॅलो?" तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून, खोटं कशाला बोलू.

मग मात्र हिशोब लागला. वानरं मी. कापसाच्या गाड्या मी. एवढ्या लोकांना हसले, त्यांनी किती दिवस हसायचं? गुपचूप लुगडं हलवावं, असं मनात आलं. पण ह्या घरात माझं सोवळं जागचं हललं असतं तर शेजारणीपर्यंत बातमी गेली असती. आणि महिना संपायला चार दिवस होते.

सूनबाई चहाला उठली तशी म्हटलं, "अगं, तुझं नेट सापडलं."

"कुठं सापडलं आई?"

"माझ्या लुगड्याखाली."

तिला दाखवलं. पदर नाही म्हणून ती तोंडावर ओढणी धरून हसली. मग म्हणाली, "आई, उद्या साडेदहाला मोठे साहेब बोलणार आहेत. माझं हैदराबादचं तेच ठरवणार." तारवाल्याला फोन लावला, तर तो परवा येणार. तारेला गाठ मारून भागत नाही, ती काचेची, तिच्या आतून उजेड जातो म्हणे, आपण हात लावायचा नाही.

"मग लुगडं?" तिनं हळूच विचारलं. धीट आहे.

दुसऱ्या दिवशी मी ते पिळलं, काठी कोपऱ्यात ठेवली आणि पुढच्या अंगणातल्या साध्या दोरीवर, मुलाच्या पायजम्याशेजारी, वाळत घातलं. आत दिवसभर एकदाही हॅलो-हॅलो झालं नाही. शाळेतून आलेली नात दोरीखाली थांबली. "आजी, तुझं लुगडं बाबाच्या पायजम्याला शिवलं!"

"दिसलं मला."

"मग मी शिवू?"

"शिव बाई. पायजमा झाल्यावर तुझं काय राहिलं."

पुढल्या सकाळी तेच नेसून पूजा केली. देव काही बोलले नाहीत. त्यांचंही नेट गेलं असेल. दुपारी तारवाला आला, आणि मी स्वतः भिंत दाखवून म्हटलं, ठोक बाबा. त्यानं सात खिळ्यांत पावशेर रंग पाडला आणि वर चहा मागितला.

महिनाअखेरीला साहेबाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, पण कान बैठकीत. सून इथंच राहणार, असं ठरलं. साहेबानं विचारलं असावं, की बिघाड होता तरी काय. सून अगदी गंभीर आवाजात म्हणाली, लोकल टेक्निकल प्रॉब्लेम होता सर, दूर झाला.

चाळीस वर्षं सोवळं पाळलं, आणि मी लोकल टेक्निकल प्रॉब्लेम. दूर मात्र झाले नाही. इथंच आहे, आणि आता तीही.