बाटली दुरुस्तीला टाकली आहे

हल्लीच्या वस्तूंना उघडण्यासाठी स्क्रूच ठेवलेला नसतो, आणि बिघडलेली वस्तू फेकून नवी आणण्याला लोक शहाणपण म्हणतात. अशा काळात दुरुस्तीचे दुकान चालवणे हा हट्टच म्हणायचा. नंबरवाल्या काकांनी तो एकतीस वर्षे निभावला होता. दुकान रस्त्याच्या वळणावर, चष्म्याच्या दुकानाला खेटून होते. रुंदीला इतके बेताचे की आत दोन गिऱ्हाइके शिरली, तर तिसऱ्याने आपले गाऱ्हाणे दारातूनच सांगावे. भिंतींना लोखंडी मांडण्या. त्यांवर इस्त्र्या, मिक्सर, रेडिओ, भिंतीवरची घड्याळे, जाळी काढलेले पंखे. आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा एक नंबर.

या नंबरावरूनच काकांना ते नाव पडले होते. वस्तू आली की ते पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापत, दोन्हींवर एकच आकडा घालत. एक तुकडा वस्तूला, एक गिऱ्हाइकाला. ज्याचा आकडा आधी, त्याचे काम आधी. ओळख, हुद्दा, गोड बोलणे, डोळ्यांत आणलेले पाणी, यांपैकी कशानेही आकडा पुढे सरकत नसे. खुद्द त्यांच्या घरातली इस्त्री एकोणीस दिवस मांडणीवर पडून होती, आणि त्या एकोणीस दिवसांत काका स्वतः चुरगळलेल्या शर्टात गल्ल्यावर बसले होते.

या कडकपणाला कारण होते. तरुणपणी ते एका मोठ्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात नोकरीला होते. तिथे साहेबांच्या ओळखीच्यांच्या वस्तू मागच्या दाराने येत आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन जात. पुढच्या दाराने आलेला एका म्हाताऱ्या बाईचा रेडिओ मात्र आठ महिने फरशीवर धूळ खात पडला. बाई दर सोमवारी येऊन नुसती विचारून जात. आठव्या महिन्यात काकांनी तो रेडिओ जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करून दिला, आणि त्याबद्दल वरून बोलणी बसली तेव्हा राजीनामाही दिला. स्वतःच्या दुकानाला मागचे दार ठेवायचे नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. आणखी एक गोष्ट त्यांनी पाळली: ‘हे होणार नाही’ असे त्यांनी कोणत्याही गिऱ्हाइकाला आजवर सांगितले नव्हते. उशीर होई, फार उशीर होई. पण वस्तू चालू होऊनच जाई, आणि गेलेली वस्तू परत येत नसे.

अशा दुकानात गोटी वाढत होती. गोटी म्हणजे काकांची नात, वय अडीच वर्षे. तिची आई, म्हणजे काकांची लेक, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा कामाला जाऊ लागल्यापासून गोटीचा मुक्काम दहा ते चार दुकानात असे. गल्ल्यामागे एक लाकडी खोके उलटे घालून तिला बसायला केले होते. समोर रेडिओची मुठीएवढी जुनी बटणे ठेवलेली असत, आणि तोंडात दुधाची बाटली. ही बाटली ती भुकेसाठी धरत नसे. जुने कारागीर तोंडाच्या कोपऱ्यात विडी धरून दोन्ही हातांनी काम करीत, तशी ती दातांत बाटली लोंबकळत ठेवून दिवसभर बटणे लावत असे.

दातांच्या डॉक्टरांनी नेमके हेच हेरले. गोटीच्या वरच्या चार दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटली होती. ज्यांच्या दवाखान्यात ताटकळून माणसाचे उरलेले दातही झिजावेत, अशा त्या डॉक्टरांनी निकाल मात्र एका मिनिटात दिला. बाटली बंद. आजपासून, पूर्ण बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. रेघेचे खड्डे झाले असतील, तर भूल देऊन दात कोरावे लागतील. त्यातला ‘भूल’ हा एकच शब्द लेकीने घरी आणला. आधीच धुतलेली बाटली तिने त्या संध्याकाळी तीनदा धुतली.

पहिले दोन आठवडे उपदेशात गेले. ज्यांना स्वतःच्या मुलांनी कधी जुमानले नाही, अशी माणसे दुसऱ्यांची मुले वळवण्यात मोठी तरबेज असतात. एकीने बाटलीच्या रबरी बुचाला कडू काहीतरी लावायला सांगितले. गोटीने ते चाखून, तोंड वाकडे करून, फ्रॉकला पुसले आणि पुढे चालू केले. दुसरीच्या सल्ल्याने बाटलीत नुसते पाणी भरले. गोटीने ते शांतपणे फरशीवर ओतले आणि रिकामी बाटली आजीच्या हातात दिली. झाकणाचा पेला आणला, तर त्यात तिने बटणे भरली. बाटली लपवली, तेव्हा मात्र ती अशी रडली की शेजारचे चष्मेवाले हातातली काच खाली ठेवून पाहायला आले.

शेवटी एका रविवारी सकाळी लेकीने बापाच्याच पेटीतली पक्कड घेतली आणि बाटलीच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे कडे चिरफाळून ठेवले. दूध गळेल, गोटी कंटाळेल, बाटलीचा नाद आपोआप सुटेल, असा तिचा हिशेब. दूध गळले. गोटीची हनुवटी भिजली, गळा भिजला. ती रडली नाही. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली, उठली, आणि खुर्चीत चहा पीत बसलेल्या आबांच्या, म्हणजे काकांच्या, मांडीवर ती नेऊन ठेवली. बिघडलेली वस्तू आबांकडे न्यायची असते, जगाचे एवढे ज्ञान तिला होते.

आणि काकांचा घात त्यांच्या बोटांनी केला. नजर वर्तमानपत्रात होती. बोटांनी चीर चाचपली, खणातून नेमक्या मापाचे पितळी कडे काढले, आटे जुळवले, फिरवून घट्ट केले. चहा संपायच्या आत बाटली कंपनीने बनवली होती त्याहून मजबूत झाली. गोटी ती दातांत धरून निघून गेली. काकांनी पान उलटले, तेव्हा समोर लेक उभी होती.

बोलली ती त्यांची बायको, दारात टॉवेल झटकता झटकता.

“माझ्या इस्त्रीला एकोणीस दिवस. आणि या बाईसाहेबांना नंबर नाही, रांग नाही, काही नाही. छान चाललंय तुमचं दुकान.”

टोमणा लागायचा तिथेच लागला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून पहिले काम रांग मोडून झाले होते, आणि तेही आपल्या माणसाचे. म्हणजे मागच्या दारानेच. संध्याकाळी त्यांनी लेकीला एवढेच सांगितले की नंबराशिवाय झालेले काम ते धरत नाहीत.

सोमवारी दुकान उघडल्यावर त्यांनी पहिले काम केले ते पितळी कडे काढून जुने चिरलेले पुन्हा बसवण्याचे. दहा मिनिटांत गोटी गळकी बाटली घेऊन गल्ल्यापुढे उभी राहिली. काकांनी चष्मा सारखा केला, पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले आणि दोन्हींवर चारशे बारा घातला. एक तुकडा बाटलीच्या गळ्यात बांधला, दुसरा गोटीच्या मनगटाला, आणि बाटली एका इस्त्रीशेजारी मांडणीवर ठेवून दिली. त्या वेळी टेबलावर नंबर होता तीनशे सत्त्याहत्तर.

गोटी तासभर रडली. काकांचे हात त्या तासात दोनदा मांडणीकडे गेले आणि दोनदा परत आले. पण एकतीस वर्षांत त्यांच्यापुढे पुष्कळजण रडून गेले होते, आणि गोटीनेही पुष्कळांना तिथे हात हलवत परत जाताना पाहिले होते. रडे ओसरल्यावर ती बाकावर जाऊन बसली. बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे घड्याळ चारशे नऊ नंबरला होते, आणि त्या रोज येऊन चौकशी करीत.

“तुझं काय गं?” त्यांनी विचारले.

“बाटली.”

“कधी देतो म्हणाले?”

“नंबल आला की.”

“मलाही तेच सांगतात,” बाई म्हणाल्या, आणि दोघींनी काकांकडे सारख्याच नजरेने पाहिले.

थांबलेल्या गिऱ्हाइकाला चहा देणे ही दुकानाची रीत होती. जाड काचेच्या, बोटभर उंचीच्या पेल्यात. त्या दिवशी बाईंना चहाचा पेला गेला, तसाच दुधाचा एक गोटीपुढे गेला. गिऱ्हाईक म्हणून मिळालेली वस्तू नाकारणे तिला जमले नाही. अर्धे दूध फ्रॉकवर गेले. बाईंनी आपल्या रुमालाने तिची हनुवटी पुसली आणि पेला दोन्ही हातांनी धरायचा असतो, हे तिला मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितले. त्यानंतर दूध पेल्यातूनच, बाईंच्या शेजारी बसून, दोन्ही हातांनी. घरीही तोच पेला न्यावा लागला. रोज सकाळी गोटी मांडणीखाली उभी राहून मनगट वर करी, “झालं?” विचारी, उत्तर ऐके आणि आपल्या बटणांकडे वळे.

पण नंबर कोणासाठी थांबत नाहीत, हेच तर त्या दुकानाचे ब्रीद होते. दिवसाला दीड वस्तू या गतीने आकडा चारशे दहावर आला, तेव्हा लेकीने हिशेब मांडला: बाटलीची पाळी डॉक्टरांच्या तारखेच्या दोनच दिवस आधी येत होती. एकदा बाटली तोंडात गेली की सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर.

“बाबा, तिचा नंबर मागे सरकवा ना,” ती म्हणाली. “एकदाच.”

“आणि तिनं विचारलं तर काय सांगू?”

“तिला आकडे कुठे कळतात?”

“मला कळतात ना.”

“तिच्या दातांपेक्षा तुमचा नंबर मोठा आहे का?”

दात मोठे होते, हे काकांना कळत होते. पण बाईंचे घड्याळ पाळीला दुरुस्त होऊन टोले देत बाहेर पडले, तेव्हा गोटीने टाळ्या वाजवल्या होत्या. नंबर आला की वस्तू मिळते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. त्या भरवशावर ती जवळजवळ चार आठवडे रांगेत बसली होती. आठ महिने दर सोमवारी येणारी ती म्हातारी काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. चारशे अकरा ही साधी दारावरची घंटा होती. तिला त्यांनी दीड दिवस लावला. तार बदलली, ती पुन्हा काढली, पुन्हा लावली, आत बसलेली धूळ ब्रशने केसाकेसाने झाडली. ती घंटाही शेवटी वाजलीच.

गुरुवारी दुपारी त्यांनी चारशे बारा पुकारला. लेक प्रयोगशाळेतून लवकर सुटून दारात येऊन उभी होती. ओठ मिटलेले, पर्स छातीशी धरलेली. काकांनी दोन्ही पुठ्ठे जुळवून पाहिले. पितळी कडे बसवले. बाटली उकळत्या पाण्यातून काढली, दूध भरले, पालथी धरून गळती तपासली. काम चोख झाले होते, आणि त्याचे त्यांना मुळीच सुख वाटले नाही.

गोटी बाटली घेऊन खोक्यावर बसली. दोन घोट ओढले. थांबली. पुन्हा एक ओढला. बाटली तोंडातून काढून तिने बुचाकडे पाहिले, मग उठून ती गल्ल्यावर ठेवली.

“आबा, दूध येत नाही.”

काकांनी बाटली उलटी केली. पूर्वी येई तसेच थेंब थेंब दूध येत होते. “येतंय की गं.”

“हळू येतं,” गोटी म्हणाली. “बिघडलंय.” आणि तिने नव्या पुठ्ठ्यासाठी मनगट पुढे केले.

एकतीस वर्षांत काकांकडून गेलेले काम पहिल्यांदाच परत आले होते. क्षणभर त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. बोटे कड्याचे आटे पुन्हा तपासू लागली. मग त्यांना दारातला आवाज ऐकू आला. लेक पर्सवर तोंड दाबून हसत होती.

“तुमचं काम पसंत पडलं नाही, बाबा,” ती म्हणाली.

काकांनी गंभीर चेहऱ्याने पुठ्ठा कापला. चारशे एकोणपन्नास. उरलेले दूध गोटीने पेल्यातून दोन्ही हातांनी प्यायले, आणि पांढऱ्या मिशा घेऊन ती बटणांकडे गेली.

शनिवारी डॉक्टरांनी रेघ न्याहाळली. ती होती तिथेच होती. खोल गेली नव्हती. कोरायची गरज नाही, ब्रश नीट करा, चार महिन्यांनी या, असे ते म्हणाले, आणि बाटली कुठे गेली हे त्यांनी गोटीलाच विचारले. तिने मनगट वर केले. दुरुस्तीला टाकली आहे, असे तिने सांगितले, आणि बाहेर ताटकळणाऱ्या मुलांसाठी ठेवलेला मोडका घोडाही आबांकडे देता येईल, फक्त नंबर घ्यावा लागेल, हेही सांगितले. तो घोडा कित्येक महिने तसाच मोडून पडला होता. डॉक्टरांनी विषय बदलला.

पुढचे नंबर पाळीने येत गेले, जात गेले. गोटीच्या मनगटावरचा पुठ्ठा कधी चघळून संपला, ते कोणाच्या लक्षात आले नाही. एके दिवशी सकाळी काकांनी मांडणीवरून एक वस्तू खाली घेतली, गळ्यातला आकडा वाचला, आणि नेहमीच्या आवाजात चारशे एकोणपन्नास पुकारला.

कोणाचा नंबर आला, ते पाहायला गोटीने दाराकडे मान वळवली.