आसरांच्या बोलीतला पोपट

११ ऑगस्ट १९९७, श्रावणी सोमवार. घाटघरच्या पठारावर धुक्यात अडकलेले जीव सात: म्हशी चार, रेडकू एक, कुत्रा एक, माणूस एक.

माणसाचे नाव पोपट. ते गावातल्या कोणालाही घेता येत होते. जी बाई त्याला शोधायला निघाली होती, तिला मात्र घेता येत नव्हते. ती त्याची बायको, लंकाबाई. सासऱ्याचे, मोठ्या दिराचे आणि नवऱ्याचे नाव सुनेने तोंडाने उच्चारायचे नाही, ही चाल त्या डोंगरात तेव्हा पाळली जात होती. शहरातल्या वाचकाला ती फार जुन्या काळातली वाटेल. तशी ती नाही.

आता या घरातल्या नावांची गंमत अशी की सासरा मोरू, मोठा दीर चिमा आणि नवरा पोपट. तिघा पुरुषांनी मिळून एका सुनेच्या तोंडून मोर, चिमणी आणि पोपट असे तीन पक्षी उडवून लावले होते. सासू ठकूबाई नियमाच्या बाबतीत कडक. तिने कुंपण आणखी पुढे सरकवले. मोरीला ‘न्हाणी’ म्हणायचे, चिमट्याला ‘पकड’ म्हणायचे, आणि ‘समोर’ हा शब्दही नको, ‘पुढ्यात’ म्हण. मोरू वारला त्याला पुढे वर्षे लोटली, तरी मोर काही सुटला नाही. मान पुरुषांचा, त्याची भरपाई मात्र एकट्या सुनेच्या शब्दांतून चालली होती.

गावातल्या इतर सुना अशा वेळी ‘ते पिसाऱ्याचं’, ‘ते हिरवं’ असे म्हणून वेळ निभावून नेत. लंकाबाईला ते पटेना. जिवंत पक्ष्याला ‘ते’ म्हणणे तिला उणेपणाचे वाटे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात नाचणीत मोर शिरला. ठकूबाई घरातून ओरडली, “काय शिरलं गं शेतात?”

“थेरील.”

“काय?”

“थेरील, आत्याबाई. आमच्याकडं आसरा असंच म्हणत्यात त्याला.”

आसरा म्हणजे पाण्याकाठी राहणाऱ्या सात बहिणी. देवी आणि भूत यांच्या मधल्या कुठल्यातरी वर्गातल्या. त्यांना हळदकुंकू वाहायचे आणि त्यांच्या डोहात पाय बुडवायचा नाही, एवढा व्यवहार माणसांनी त्यांच्याशी ठेवलेला आहे. लंकाबाईचे माहेर आंबेगाव तालुक्यात, आणि तिच्या माहेरच्या आसरांचा डोह नुकताच धरणाच्या पाण्याखाली गेला होता. विस्थापितांत आसरांची गणना कोणी केली नव्हती. त्यामुळे त्या कुठे गेल्या हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या मोराला खरोखर काय म्हणतात हे विचारायला जाण्याची सोय उरली नव्हती. साक्षीदार पाण्याखाली असलेला दावा खोडून काढणे कठीण असते. ठकूबाईने तरीही प्रयत्न सोडला नाही.

“थेर म्हंजी?” रात्रीच्या भाकरी थापताना तिने विचारले.

“पदर.”

“आन ईल?”

“डोळा. पदराला डोळं हायती, तो थेरील.”

ठकूबाईने एक भाकरी उलटेपर्यंत विचार केला. “नारळालाबी डोळं हायती. त्याला काय म्हणत्यात?”

“नारळ त्यान्ला लोकं वाहत्यात, आत्याबाई. त्या आपल्या तोंडानं कशाला मागतील?”

अशा उलटतपासणीतून ती बोली वाढत गेली. चिमणी झाली मिरली, कारण मिर म्हणजे दाणा. पोपट झाला सेंकवा: सेन म्हणजे हिरवे, कुव म्हणजे वाकडे. हे ऐकल्यावर ठकूबाईने आधी मुलाच्या नाकाकडे पाहिले आणि मग सुनेकडे. दुसऱ्या दिवशी ती तयारीनिशी आली.

“कुव म्हंजी वाकडं ना? मंग विळ्याला काय म्हणत्यात तुझ्या आसरा?”

“विळ्याला नाव न्हाई. त्या कुठं गवत कापत्यात?”

खोटे एकदा बोलता येते. ते वर्षानुवर्षे टिकवायचे तर त्याला शिस्त लागते. सासूची स्मरणशक्ती दांडगी असल्यामुळे लंकाबाईला एकदा दिलेला अर्थ बदलण्याची सवलत नव्हती. विद्यापीठांत शब्दांचे उगम शोधणाऱ्यांना असा परीक्षक क्वचितच लाभतो. लाभला असता तर पुष्कळ ग्रंथ बारीक झाले असते.

एके वर्षी पावसाळ्यात पहाटे ओढ्यावर एक काळानिळा पक्षी लांब शीळ घालू लागला. लंकाबाई म्हणाली, “आरनीव आला.” नीव म्हणजे पाणी, आर म्हणजे जागे करणे. ठकूबाईने घरातले, भावकीतले, सोयऱ्यांतले सगळे पुरुष मनाशी तपासले. या पक्ष्याच्या नावाचा कोणी सापडला नाही.

“हे कुणाचं नाव टाळाया काढलंस गं?”

“कुणाचं न्हाई.”

“मंग?”

“शीळ चांगली घालतोय.”

 काही दिवसांनी ठकूबाईच ओढ्यावरून येऊन म्हणाली, “तुझा आरनीव आज दिसला न्हाई.”

या सगळ्यात तक्रार होती ती एकट्या पोपटची. त्याला बायकोची बोली आवडत असे, पण त्याला स्वतःचे नाव हवे होते. लंकाबाई त्याला ‘आवं’ म्हणे. त्याच्याविषयी बोलायचे झाले तर ‘घरातलं माणूस’ म्हणे. त्याचे मागणे एवढेच होते की तिने एकदा, फक्त एकदा, त्याला नावाने हाक मारावी.

“लग्नात घेतलं की उखाण्यात,” ती म्हणे.

“ते बायकांना ऐकवलंस. मला कुठं ऐकवलंस?”

 यावर लंकाबाई म्हशींना वैरण टाकायला उठे.

तर त्या सोमवारी पोपट म्हशी घेऊन पठारावर गेला आणि दुपारीच धुके उतरले. चिमा आणि त्याची बायको श्रावणाचे बेल-फूल विकायला भीमाशंकरला गेलेली. म्हशी बहुधा पठाराच्या दुसऱ्या टोकाला, किल्ल्याच्या अंगाला चरत, म्हणून वाडीतले गडी तिकडे शोधायला गेले. ठकूबाईचे गुडघे धरलेले. तिने दारातून मुलाला हाका मारल्या, पण तिचा आवाज परसाच्या बाहेर पोचत नव्हता. लंकाबाई डोक्यावर पावसाचे इरले घेऊन घाटाच्या अंगाला निघाली. त्या बाजूला पठार एकाएकी संपते आणि खाली सरळ कोकण दिसते. धुक्यात तेही दिसत नाही, आणि धोका तोच आहे.

थोडे चालून ती थांबली आणि ओरडली, “सेंकवाऽऽ!”

कुत्रा भुंकला. मग धुक्यातून शांतपणे आवाज आला, “सेंकवा हितं न्हाई. उडाला.”

“मंग म्हशी कुणाच्या हायती?”

“म्हशी माझ्या. मी कोण ते तू सांग.”

“आवं, चेष्टेची येळ हाय का ही? कडा हाय तिकडं!”

“म्हायती हाय. म्हणून तर बसलोय. पाऊल टाकायला वाट दिसंना. तू नाव घे, मी आवाजावर येतो.”

“आवाज आला न्हवं? या की.”

“एका हाकेवर कसा येऊ? बोलत ऱ्हा. नाव घेत ऱ्हा, पोपट, पोपट करीत. हितं कोण ऐकतंय? आईबी न्हाई.”

मागणी व्यवहाराची होती, हे मान्य करायला हवे. धुक्यात चालणाऱ्याला अखंड आवाज लागतो आणि हाक मारायला नावाइतके सोयीचे काही नसते. लंकाबाईने डोक्यावरचे इरले मागे सारले.  मग तिने मोठ्याने सुरुवात केली.

“थेरील! थेर म्हंजी पदर, ईल म्हंजी डोळा! मिरली! मिर म्हंजी दाणा!”

“अगं ए!”

“चाला तुमी! आरनीव! नीव म्हंजी पाणी!”

पोपटने पुढच्या म्हशीची शेपटी धरली आणि चालू लागला. ज्या पक्ष्यांना तिने तोवर नावे दिली होती ती सगळी संपली. मग ती तिथेच उभ्या उभ्या नवी पाडू लागली: टिटवीला, होल्याला, घारीला. आवाज बसत चालला होता. पोपट मधूनच अडवी, “घारीचं पटलं न्हाई. पुन्हा सांग.” ती पुन्हा सांगे. आवाज कुठल्या दिशेने येतो हे त्याला कळायला हवे होते, आणि पटत नाही म्हटले की ती जोरात बोलते हे त्याला ठाऊक होते.

शेवटी ती म्हणाली, “सेंकवा!”

“त्याचं म्हायती हाय. हिरवा आन वाकडा.”

“ते आत्याबाईंना सांगितलेलं. सेन म्हंजी हिरवं न्हाई.”

“मंग?”

“सेन म्हंजी सांज. कुव म्हंजी वळणं. सांज झाली की माघारी वळतो, तो सेंकवा.”

धुक्यात खुरांचा आवाज जवळ आला. मग म्हशीचे तोंड दिसले आणि तिच्यामागे पोपट.

“सासूला खोटा अर्थ सांगितलास?”

“खरा सांगितला असता तर नाव घेतल्यासारखंच झालं असतं.”

सातही जीव घरी आले. चिमा भीमाशंकरहून परतला तेव्हा त्याला सगळी हकीकत कळली आणि त्याने ती वाडीभर केली. त्यानंतर पोपट वाटेत भेटला की वाडीतले लोक विचारत, “काय पावणं, सांज झाली, वळला का न्हाई?”

ठकूबाई २००३ साली वारली. चाल पाळायला लावणारे घरात कोणी उरले नाही. गावातल्या नव्या सुना नवऱ्यांना सरळ नावाने हाका मारू लागल्या. पुढे पोपटने मोबाइल घेतला, तिलाही एक आणून दिला. तिच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर ‘सेंकवा’ या नावाने घातलेला आढळला.

“आता कोण अडवतंय तुला?” त्याने विचारले.

“कोणी न्हाई.”

“मंग?”

“हाक द्यायची ऱ्हायलीय म्हणून तर तुमी रोज मागायला येता.”

चाल सासूची होती. हाक न देता ठेवून घेणे मात्र तिचे स्वतःचे आहे. यात जुलूम कुठे संपतो आणि मर्जी कुठे सुरू होते, हे बाहेरून ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. पोपटचा दावाही खोटा नाही. त्याने एक हाक मागितली होती. ती त्याला अजून मिळालेली नाही.